हळदीचं बोट

माझ्या थोरल्या लेकीचं, जयूचं, बारसं झालं ते साल. आमच्या घरात सालं तेव्हा अशीच धरायची. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते वरच्या देवीच्या चित्रासाठी.

बाळंतपणाला मी माहेरी, टेंभुर्ल्याला आले होते. पेणहून डोंगराच्या बाजूला आत गेलं की आमचं गाव. त्या सकाळी मी आतल्या खोलीत बाजेवर बसले होते, खाली शेगडी, मांडीवर जयू. बाहेर ओटीवर बायकांनी पाळणा बांधला होता. माझी आत्या मथुरा चुलीपाशी घुगऱ्यांचं पातेलं ढवळत होती आणि कोणी आत डोकावलं की त्याला हाकलत होती.

"आत्या, मीठ टाकलंस काय गो?" शेजारच्या धाकलीनं विचारलं.

"तुझ्या सासूच्या डोळ्यांतलं पाणी टाकलंय. जा, पाळण्याची दोरी बघ."

तेवढ्यात अंगणातून पोरी ओरडल्या, "सुमती आली! सुमती आली!" माझी धाकटी बहीण. आदल्या वर्षी तिला घाटावर, तळेगावला दिली होती. बारशाला येते की नाही याचीच मी वाट बघत होते. मी जयूला सावरून दाराकडे सरकले.

"आणि तिच्यासंगं तिघं आलीत," धाकली म्हणाली.

आत्याची पळी थांबली. "तिघं? तिघं कशाला? बारशाला येतात ती दोघं येतात, नायतर गाडीभर येतात."

दाराच्या फटीतून मला ओटी दिसत होती. सुमती पुढे होती, हातात काही नाही. मागे तिच्या सासूबाई, आणि सासूबाईंचे भाऊ. त्यांना सगळे मामा म्हणत, ते कोर्टात नोकरीला होते. सगळ्यांच्या मागून तिचा नवरा मधुकर. त्याच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती. लग्नात आम्ही दिलेली.

सासरहून ट्रंक परत आली म्हणजे काय, ते पाळण्याजवळच्या बायकांना कोणी सांगायला नको होतं.

सुमती पाळण्यात असताना आमची आई गेली. आम्हा दोघींना आत्यानंच वाढवलं. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला ह्याच ओटीवर आणून सोडलं होतं आणि दुसरी केली होती. कपाळाला कुंकू होतं, पण ते कुणाच्या नावाचं हे कोणी विचारत नसे. गावात तिला नावानं हाक मारणारा एक बाबाच, तिचा भाऊ. बाकी सगळ्यांची ती ‘दामूची बहीण’, नाहीतर ‘आत्या’. पण लग्नाबारशाचा स्वैपाक तिच्यावाचून गावात कुठे शिजत नव्हता. आई गेली तशी तिनं मला चुलीपुढे बसवलं. सुमतीला मात्र बसू दिलं नाही. "एक बास झाली धुरात," म्हणायची, "ही शिकंल." सुमती पेणच्या शाळेत गेली, मॅट्रिक झाली. तिला भाकरी थापता यायची नाही आणि मला सही करता यायची नाही. बाबा म्हणायचे, "दोघी मिळून एक पुरी बाई हाय माझ्या घरात."

सुमतीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी पुण्याची एक बाई गावात आली होती. ती गावोगावचे पदार्थ गोळा करून पुस्तक काढणार होती. कोणीतरी तिला आत्याकडे धाडलं. माघाचा महिना होता.

"तुमच्याकडे होतं आणि दुसरीकडे होत नाही, असं काय आहे?" तिनं विचारलं.

"शेवळं," आत्या म्हणाली.

पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून हे कोंब वर येतात. माघात ती कुठून असणार? आत्यानं हवेतच शेवळं सोलली, हवेतच बारीक चिरली, हवेतल्या तेलावर परतली. बाई लिहीत होती. आतला पिवळा दांडा काढायचा, सोडे भिजवून घालायचे, खोबरं शेवटी. सगळं लिहून झाल्यावर तिनं नाव विचारलं. आत्यानं मागे वळून बघितलं, कोणाला विचारते म्हणून.

"मथुरा," ती म्हणाली.

"छान. पुस्तकात तुमचं नाव घालीन हं, मथुराबाई."

भाद्रपदात टपालानं पुस्तक आलं. गौरीसाठी मी माहेरी होते, म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं. आत्या माशांना हळद लावत होती. तिनं लुगड्याला हात पुसले आणि सुमतीला खेटून जाऊन बसली.

"माझं नाव बघ गो."

सुमतीनं पानं उलटली. शेवळांचं पान तिला सापडलं. ती बराच वेळ वाचत राहिली. मग पुढचं पान, मग मागचं पान, मग परत तेच.

"हाय काय?"

"आहे," सुमती म्हणाली. "हे बघ, इथं, खाली."

"काय लिवलंय?"

"मथुराबाई, मुक्काम टेंभुर्ले."

"आडनाव?"

"आडनाव नाही."

आत्यानं जरा विचार केला. "बरं झालं. कुठलं घातलं असतं?" मग तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, जसं कोणी बाळाच्या गालावर ठेवतं. हळद पुरती पुसली गेली नव्हती. कागदावर पिवळं बोट उठलं.

त्या दिवसापासून ते पुस्तक पिवळ्या फडक्यात बांधून आत्याच्या पेटीत. त्याला कोणी हात लावायचा नाही. लग्न ठरल्यावर सुमतीनं ते मागितलं, तर आत्या म्हणाली, "बसून उतरून घे काय पायजे ते. पुस्तक घरातून जायचं नाय." सुमतीनं दोन महिने बसून पुस्तकातले सगळे पदार्थ कागदांवर उतरवले. सासरी जाताना आई काहीबाही शिकवून पाठवते. हिनं ते कागद नेले.

ओटीवर बाबांनी पाणी पुढे केलं. सासूबाईंनी तांब्याला हात लावला नाही.

"आधी पाळणा होऊ द्या," बाबा म्हणाले. "मग बोलू."

"होऊ द्या की. आम्ही काय पाळण्यात झोपायला आलेलो नाही."

"बसा तरी."

"बसतो. ऐकून घ्या मात्र. तुमची लेक पुस्तकातून स्वैपाक करते, माहीत आहे ना? रविवार आला की कागद काढायचे. आज वऱ्हाडातलं, उद्या खानदेशातलं. कधी जमायचं, कधी नुसता देश बघून उठायचं. आम्ही काही बोललो नाही. शिकलेली सून, कौतुकच होतं. आता मागच्या आठवड्यात आमच्या वत्सलेला बघायला चाकणची मंडळी आली. तर म्हणे, आज मी आमच्याकडची भाजी करते. शेवळाची." सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. "मुलाच्या बापानं पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. मग मुलाच्या आईनं. मग मुलानं. सगळे घसा धरून अंगणात! मुलाचे ओठ एवढे झाले, माणूस बोलेना, नुसता हूं हूं. डॉक्टर आणावा लागला. आणि जाताना मुलाचा बाप चिठ्ठी लिहून देतो, सोयरीक मोडली म्हणून. बोलता येत नव्हतं, म्हणून लिहून!"

पाळण्यापाशी कोणीतरी फिसकन हसलं आणि स्वतःचंच तोंड दाबलं.

"मी सगळी खाल्ली होती," मधुकर हळूच म्हणाला.

"तुला कोणी विचारलंय?" सासूबाई म्हणाल्या.

मामांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज चढत नसे. "दामोदरराव, मी कोर्टातला माणूस. पुराव्याशिवाय बोलत नाही. आदल्या दिवशी सुमतीचं आणि वत्सलेचं वाजलं होतं. माझी बहीण म्हणते, हिनं मुद्दाम केलं. हिचं म्हणणं, लिहिलं होतं तसं केलं. चाकणवाल्यांना मी शब्द दिलाय की शोध घेतो. चूक सांगणाऱ्याची निघाली, छापणाऱ्याची निघाली, तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगेन. वत्सलेचं जुळेल, सून घरी येईल, ही ट्रंक आम्हीच उचलू. हिची निघाली, तर ट्रंक इथंच राहील."

बाबांनी मान खाली घातली.

घसा धरला हे ऐकलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. बाळंतिणीनं मध्ये बोलू नये, पण मला राहवेना. मी आतूनच हाक मारली, "सुमती, काकडं घातली होतीस काय गो?"

सुमतीनं दाराकडे बघितलं. "काकडं," ती म्हणाली, आणि तिचा हात तोंडाशी गेला. "तळेगावच्या मंडईत भाजीवाल्याकडे नुसत्या जुड्या होत्या. काकडं नव्हती. मला वाटलं, ती आंबटपणासाठी असतात. माझ्या कागदावर नव्हतं, ताई."

"काकडं म्हणजे काय?" मामांनी विचारलं.

"रानातली फळं, आवळ्यासारखी, आंबट," बाबा म्हणाले. "त्यांचा रस घातल्याबिगर शेवळं शिजवायची नाय. घसा धरतो."

"मग ती आठवणीनं विकत घ्यावी लागत असतील."

"घ्यायला कशाला लागतात? ठाकरणी जुडी देतात तेव्हा वर मूठभर काकडं ठेवतात. शेवळं घेतली की काकडं आलीच."

मामांनी हे मनात नीट लावून घेतलं. मग सुमतीला म्हणाले, "कागद तुझ्या हातचा. त्यात नाही, हा काही पुरावा नाही." आणि चुलीकडे वळले. "आत्याबाई, त्या पुस्तकवाल्या बाईला तुम्हीच सांगितलंत ना? काकडं सांगितली होती का?"

आत्या हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभी होती. "काकडं काय सांगायची?" ती म्हणाली. "शेवळं म्हटली की..."

आणि ती थांबली.

मला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. तिच्या डोळ्यांपुढे ती माघातली दुपार आली असणार. हवेतली शेवळं, आणि त्यांच्यावर कोणी मूठ ठेवलेली नाही.

"म्हणजे नाही सांगितली," मामा म्हणाले. ते रागानं बोलले नाहीत. उलट त्यांना बरंच वाटलेलं दिसलं. "चला, सुटला प्रश्न. पोरीची काही चूक नाही. चाकणला मी एवढंच सांगेन, की टेंभुर्ल्याच्या एका अडाणी बाईनं अर्धवट सांगितलं आणि त्यांनी ते तसंच छापलं."

बाबांनी पाण्याचा तांब्या परत पुढे केला. मधुकरनं ट्रंकेच्या कडीला हात घातला. सगळं तिथंच मिटलं होतं. आत्यानं नुसतं गप्प राहायला हवं होतं.

"अर्धवट?" आत्या म्हणाली.

"तसं नाही, म्हणजे..."

"दामू, हे काय म्हणतात? अर्धवट?" तिनं पाळण्याकडे बघितलं. गावातल्या सगळ्या बायका तिथं होत्या. ज्यांच्या घरी ती लग्नं रांधायला गेली होती त्या. "माझं नाव छापलंय त्याच्यात. पुण्यात छापलंय. अर्धवट सांगणारीचं नाव छापतात काय? मी सगळं सांगितलं. काकडंबी सांगितली."

"मथुरे," बाबा म्हणाले.

"सांगितली म्हणते ना!"

"पोरीचं घर हाय गो ते."

"आणि माझं काय हाय?"

आत्या आत गेली. माझ्या बाजेशेजारची पेटी तिनं ओढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फडकं सोडलं. पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडलं, इतक्या वेळा ते तिथं उघडलं होतं. ती बाहेर गेली आणि पिवळ्या बोटावर बोट ठेवून मामांपुढे उभी राहिली.

"हे बघा. हितं."

"उत्तम," मामांनी चष्मा लावला. "मूळ पुस्तकच आहे म्हटल्यावर वाद कशाला? काकडं लिहिली असली तर हिनं उतरवताना गाळली. नसली तर तुम्ही सांगितली नाहीत. द्या, वाचतो मी. मोठ्यानं वाचतो, सगळ्यांना ऐकू दे."

आत्यानं पुस्तक पुढे केलं. जराही न बिचकता केलं. त्यात काय लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण जे काही आहे ते आपल्या बाजूचं आहे, एवढं तिला ठाऊक होतं.

सुमती उठली. मामांचा हात पोचायच्या आत तिनं उघड्या पानावर आपला तळवा ठेवला.

"नको, मामा."

"का?"

"काकडं लिहिलेली आहेत. मी उतरवताना गाळली."

"मघाशी तर म्हणालीस..."

"कागदावर नव्हतं म्हणाले. कागद माझाच."

"बघू तरी दे."

"बघून काय करणार? आत्यानं बरोबरच सांगितलं होतं. माझं चुकलं."

मधुकर पुढे आला. "सुमती, मामांना वाचू दे की. वाचलं म्हणजे..."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं पुस्तक मिटलं, फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली आणि आत्याच्या हातात दिलं.

"ऐकलंस, मधू?" सासूबाई उठल्या. "स्वतःच्या तोंडानं सांगतेय!"

"मुद्दाम गाळलीस?" मामांनी विचारलं.

सुमती काही बोलली नाही.

"उत्तर न देणं हेही उत्तरच असतं," मामा म्हणाले. चष्मा डबीत घातला आणि पायऱ्या उतरले. सासूबाई त्यांच्या मागे. मधुकर मागे राहिला. त्यानं ट्रंक उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवली, कलंडू नये म्हणून. मग तोही गेला.

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या म्हणाली.

धाकलीनं पाळण्याची दोरी हातात घेतली.

"घुगऱ्या निवतात," ती म्हणाली. "पाळणा हलवा."

मग बायकांनी बारसं उरकलं. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, असं म्हणत जयूला पाळण्याखालून वरून फिरवलं. एका बाजूला धाकली होती आणि दुसऱ्या बाजूला सुमती.

संध्याकाळी ती माझ्या बाजेशी येऊन बसली. मी रागातच होते.

"लिहिलेलं असून गाळलंस?"

"हो."

"दोन महिने बसली होतीस. डोळे कुठं होते?"

"ताई," ती म्हणाली, "शेगडी विझत आली बघ."

पुढच्या वर्षी मधुकरनं दुसरं लग्न केलं. वत्सलेलाही कुठंतरी दिली. सुमती टेंभुर्ल्यातच राहिली. बालवाडी निघाली तेव्हा तिथं शिकवायला लागली. गावात कोणी लेकीला पुढच्या शाळेत घालायचं म्हटलं, की कोणीतरी म्हणायचंच, "सुमतीनं शिकून काय केलं? काकडं गाळली." अशा किती पोरी त्या एका वाक्यापायी घरी बसल्या. मीसुद्धा ते वाक्य खरं धरून चालले होते.

बाबा गेल्यावर घरात त्या दोघीच उरल्या. आत्या दर ज्येष्ठात शेवळं करायची. काकडं पाट्यावर ठेचायची, रस पिळायची आणि सुमतीला म्हणायची, "बघ गो, असं." सुमती बघायची. जेवायला बसली की वरणभात खायची. आणि दर दसऱ्याला, घरात सरस्वती मांडली की, आत्या पुस्तक तिच्यापुढे ठेवायची. "वाच गो माझं." सुमती पान उघडायची आणि वाचायची, "मथुराबाई, मुक्काम टेंभुर्ले." एकदा दसऱ्याला मी तिथं होते. माझ्या लक्षात आलं होतं की वाचताना तिची नजर पुस्तकावर नाही, खिडकीबाहेर आहे. मला वाटलं, पाठ झालंय.

माझे मालक वारले, पोरं आपापल्या वाटेला लागली, आणि मी महिना-महिना टेंभुर्ल्याला राहायला लागले. तेव्हा गावात मोठ्या माणसांचा वर्ग निघाला. शिकवायला सुमतीच. पन्नाशी उलटल्यावर मी पाटी घेतली. माझी बोटं राठ झाली होती, वेलांटी वळायची नाही. ती माझा हात धरून वळवायची. पोराला शिकवतात तसं तिनं मला शिकवलं, पण कधी हसली नाही. दुकानाची पाटी मी पहिल्यांदा एकटीनं वाचली, त्या दिवशी तिनं मला पेढा आणला.

एकदा मी म्हटलं, "आत्याचं पुस्तक दे की वाचायला. त्यातलं अक्षर मोठं आहे म्हणतेस."

"ते राहू दे, ताई," ती म्हणाली. "त्यात काय आहे? भाज्या-आमट्या. तुला कोणी शिकवायला पाहिजे का त्या?"

आणि तिनं मला वर्तमानपत्र दिलं.

पुढे एका पावसाळ्यात सुमती आजारी पडली आणि दसरा यायच्या आत गेली. आत्या ऐंशीच्या पुढे होती. तिला धड दिसत नव्हतं, ऐकू मात्र यायचं. दसऱ्याच्या दिवशी मी पाटीवर सरस्वती काढली. दिवस मावळतीला आला होता. तिनं चाचपडत पेटी उघडली, गाठ सोडली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता तूच वाच. तुला येतं ना?"

"येतं."

पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडलं. मी बोट ठेवून वाचायला लागले. मनातल्या मनातच, कारण मोठ्यानं वाचताना मी अडखळत होते. शेवळाची भाजी. साहित्य. शेवळं, कांदे, सोडे, ओलं खोबरं, तेल, हळद, तिखट, मीठ. मग कृती. पिवळा दांडा काढावा. बारीक चिरून परतावं. मी शेवटपर्यंत गेले. काकडं कुठं आलीच नाहीत. मला वाटलं, माझीच एखादी ओळ गेली. वरून परत वाचलं. काकडं नव्हती.

मग हळदीचं बोट आलं. इतक्या वर्षांत ते तपकिरी झालं होतं. त्याच्याखाली एकच ओळ होती, लहानशी, एका नावात मावेल एवढी. अक्षर अक्षर लावत मी ती वाचली.

पाच ते सहा माणसांना पुरेल.

मी पान उलटलं. पलीकडे दुसऱ्या गावची आमटी होती. अलीकडचं पान बघितलं, त्याच्या अलीकडचं बघितलं. शेवटी परत त्याच ओळीवर आले. मामांच्या हातात पुस्तक गेलं असतं तर त्यांनी आधी काकडं शोधली असती, आणि ती न सापडून सुमती सुटली असती. मग त्यांनी हे बोट वाचलं असतं. मोठ्यानं, सगळ्या बायकांसमोर.

"लागलं काय गो?" आत्यानं विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तोंड माझ्याकडे होतं, पण नजर नव्हती. हात मांडीत जोडलेले.

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या तोंडात दोन्ही ओळी होत्या, छापलेली आणि सुमतीची.

"उजेड कमी आहे, आत्या," मी म्हणाले. "अक्षर लागत नाही."



"सुमतीला लागायचं," ती म्हणाली. "तिला अंधारातबी लागायचं."

मी पुस्तक मिटलं आणि फडक्याला गाठ मारली.

आता मला साल लिहिता येतं. माझी बहीण सुमती २००४ च्या श्रावणात काविळीनं गेली. आत्या मथुरा २००५ च्या वैशाखात गेली, शेवळं निघायच्या आधी.